पाळक व शिक्षक ह्यांचा एकच कळप

इफिसकरांस पाठविलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायांत, ख्रिस्तानें आपल्या मंडळीला कोणकोणत्या प्रकारचे सेवक दिले, हें पौल सांगतो. प्रेषित, संदेष्टे व सुवार्तिक हे तेथें एकामागून एक वेगवेगळे येतात. आणि शेवटीं पाळक व शिक्षक हे जोडीनें येतात. मूळ ग्रीक भाषेंत पहिल्या तिघांपैकीं प्रत्येकाच्या आरंभीं स्वतंत्र उपपद लाविलेलें आहे, परंतु पाळक व शिक्षक ह्या दोघांना मिळून एकच उपपद आहे. उपपद म्हणजे नामापूर्वीं येणारा एक लहानसा शब्द. आपल्या मराठींत तो नाहीं. म्हणून वाचकांनीं असें समजावें कीं, इतर तिघे आपापल्या वाटेनें चालत आहेत, आणि हे दोघे मात्र एका जुंवाखालीं जुंपलेले आहेत. दोघे म्हणजे एकच मनुष्य कीं दोन, ह्याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. सेमिनरींत असतांना परीक्षेच्या कागदावर आम्हीं ह्या एका उपपदाविषयीं दीड पान लिहिलें होतें, आणि त्यास गुणही चांगले पडले होते. खेड्यांतील मंडळींत गेल्यावर त्या दीड पानाचें काय झालें, तें आज वाचकांपुढें मांडावयाचें आहे. ज्या चुकीविषयीं आम्ही लिहिणार, ती आमची स्वतःची आहे. परंतु ती आमच्या एकट्याचीच असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

प्रश्न असा आहे. मंडळींतलें लेंकरूं कोणाच्या हवालीं असतें? आईबापांस विचारावें, तर ते म्हणतात, "आम्ही अडाणी माणसें, गुरुजी शिकवितील तें खरें." गुरुजींस विचारावें, तर ते म्हणतात, "मी वचनें पाठ करून घेतों. पुढचें पाळकसाहेब पाहतील." आणि पाळकास विचारावें, तर तो आपल्या भेटींची, लग्नांची, मयतांची व सभांची यादी वाचून दाखवितो आणि म्हणतो, "मुलांसाठीं शब्बाथशाळा आहे ना!" दोन घरचा पाहुणा उपाशी, अशी आपल्यांत म्हण आहे, येथें तर घरें तीन. परंतु ह्या प्रश्नाच्या पोटांत दुसरा एक अधिक कठीण प्रश्न आहे, आणि तो आम्हांला फार उशिरां कळला. शिक्षक जें खरें म्हणून शिकवितो व पाळक जें खरें म्हणून सांगतो, तीं दोन सत्यें आहेत कीं एक? आणि दोहोंत विरोध दिसला, तर लेंकरानें कोणाचें ऐकावें?

कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही एका खेड्यांतील मंडळीचे पाळक होतों. त्या मंडळींत एक गुरुजी होते. आठवड्याचे दिवस ते शेजारच्या गांवीं जिल्हा परिषदेच्या शाळेंत शिकवीत, आणि रविवारीं सकाळीं उपासनेच्या अगोदर आमच्या देवळाच्या ओसरीवर शब्बाथशाळा भरवीत. त्यांना ह्या कामाचा एक पैसा मिळत नसे. खडूसुद्धां ते आपल्या पदरचे आणीत. त्यांची शिकविण्याची रीत आमच्याहून निराळी होती. नीतिसूत्रांतील खोट्या तराजूचा धडा आला, तेव्हां त्यांनीं वाण्याकडून एक जुना तराजू मागून आणिला, एका पारड्याच्या खालीं कोणाला दिसणार नाहीं असा चिंचेचा गोळा चिकटविला, आणि लबाडी कोठें आहे तें मुलांकडून शोधून काढविलें. आम्हीं तें दुरून पाहिलें, आणि देवळाच्या ओसरीवर हा तराजू कशाला, असें मनांत म्हटलें.

त्या वर्षीं उपकारस्तुतीचा सण बरा झाला. लोकांनीं बाजरी, ज्वारी, कोंबड्या, अंडीं, भाजीपाला असें जें ज्याच्या घरीं होतें तें आणून अर्पण केलें, उपासनेनंतर अंगणांत लिलाव झाला, आणि जमलेला पैसा खजिनदाराच्या पेटींत गेला. हा खजिनदार मोलमजुरी करणारा, थोडेंबहुत लिहितां वाचतां येणारा, परंतु पैशाच्या बाबतींत आरशासारखा स्वच्छ मनुष्य होता. त्याच्या टिपणावरून हिशेब मांडण्याचें काम आम्हीं आपल्याकडे घेतलें होतें, आणि पुढच्या शनिवारीं रात्रीं, डोळ्यांवर झोप आलेली असतां, तें उरकून टाकिलें. रविवारीं उपासनेंत आम्हीं हिशेब वाचून दाखविला. बाजरीचे २,६४०, ज्वारीचे १,८७५, कोंबड्या व अंडीं ह्यांचे १,१२०, भाजीपाल्याचे ४६५, रोख दान ३,२५०. एकूण जमा रुपये ८,९५०.

देवाचे आभार मानून आम्ही वही मिटणार, इतक्यांत मुलांच्या सतरंजीवरून सातवींत शिकणारा एक मुलगा उभा राहिला व म्हणाला, "पाळकसाहेब, बेरीज नऊ हजार तीनशें पन्नास होते." त्यानें ती आपल्या तळहातावर पेनानें मांडली होती. मंडळींत कुजबुज झाली. आम्हीं त्याच्याकडे न पाहतां म्हटलें, "खालीं बैस. हें देवाचें घर आहे, ही शाळा नव्हे." मुलगा बसला. आम्हीं गीत सांगितलें, आशीर्वाद दिला, आणि उपासना संपली.

संध्याकाळीं दिवे लागल्यावर गुरुजी आमच्या घरीं आले. एकटेच आले. सकाळीं ते कांहीं बोलले नव्हते. चहा झाल्यावर त्यांनीं आम्हांला एवढेंच विचारिलें, "पाळकसाहेब, पुढल्या रविवारीं तो मुलगा माझ्यापुढें बसेल. त्याला मी बेरीज किती सांगूं?" आम्हीं त्रासून उत्तर दिलें कीं, मंडळीचा हिशेब हा पंचांचा विषय आहे, शब्बाथशाळेचा नव्हे. "बरें आहे," असें म्हणून ते उठून गेले.

त्याच रात्रीं आम्हीं वही उघडून पाहिली, आणि चूक आम्हांला सांपडली. भाजीपाल्याच्या ओळींतील चाराचा आंकडा फुसटला होता. वाचतांना आम्हीं ४६५ असें बरोबर वाचलें, परंतु बेरजेच्या वेळीं ६५ धरिले होते. चारशें रुपये पेटींत जसेच्या तसे होते. ही गोष्ट दुसऱ्या रविवारीं सांगून मोकळें व्हावयाचें. पण त्या रविवारीं बाहेरगांवचे एक उपदेशक आले होते, आणि पाहुण्यांसमोर कशाला, असें मनानें घेतलें. तिसऱ्या रविवारीं आमचा घसा बसला होता. निदान आमची तशी समजूत होती. इकडे गांवांत चारशें रुपयांची गोष्ट पसरली. पाळकांची बेरीज चुकली असें कोणी म्हणेना. खजिनदारानें पैसे खाल्ले असें म्हणूं लागले. मुलगा खोटें बोलत नाहीं हें सर्वांस ठाऊक होतें, आणि पाळक चुकत नाहीं असें आम्हींच सर्वांस शिकविलें होतें. मग मध्यें उरला तो पेटीवाला. तिसऱ्या आठवड्यांत त्यानें पेटीची किल्ली आमच्या उंबऱ्यावर आणून ठेविली, आणि त्याच्या घरचीं चारही माणसें उपासनेला यावयाचीं थांबलीं.

शब्बाथशाळेंत काय झालें तेंही सांगितलें पाहिजे. गुरुजी लहान मुलांना पांच भाकरी व दोन मासळ्या ह्यांची गोष्ट सांगत होते, आणि मध्येंच त्यांनीं सहज विचारिलें, "पांच आणि दोन मिळून किती?" आठ वर्षांची एक मुलगी उभी राहिली व म्हणाली, "गुरुजी, देवळांतली बेरीज सांगूं कीं शाळेंतली?" मुलें हंसलीं. गुरुजी हंसले नाहींत. त्यांनीं हें आम्हांला सांगितलें, तेव्हां आम्हीं बराच वेळ खालीं पाहत राहिलों.

त्या पोरीनें थट्टा केली नव्हती. आम्हीं जें शिकविलें तेंच तिनें बरोबर उचललें होतें. "हें देवाचें घर आहे, ही शाळा नव्हे," ह्या एका वाक्यानें आम्हीं सत्याच्या दोन वाटण्या केल्या होत्या. शाळेचें सत्य कोणासही फळ्यावर पडताळून पाहतां येतें. देवळाचें सत्य मात्र मोठ्या आवाजाच्या माणसानें सांगावयाचें व सतरंजीवरच्यांनीं बसून ऐकावयाचें. ज्या मुलानें असें ठरविलें, तें पुढें ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाविषयीं ऐकेल तेव्हां काय करील? तें नम्रपणें मान हालवील, कारण देवळांत मान हालवावयाची असते. तें वाद घालणार नाहीं, आणि विश्वासही ठेवणार नाहीं. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ तरुण शहरांत गेल्यावर ख्रिस्ती नांव तेवढें ठेवितात व बाकीचें गळून जाऊं देतात. त्याचा दोष आपण शहरावर, सिनेमावर, मोबाईलवर घालतों. तो दोष थोडा आमच्या उपदेशपीठाकडेही येतो, असें आम्हांस त्या दिवसापासून वाटूं लागलें आहे.

आमच्या मंडळींतील एका वृद्ध वडिलांनीं ह्यावर आम्हांस असें बजाविलें कीं, पाळकाचा मान राहिलाच पाहिजे. आज पोरानें बेरीज सुधारली, उद्यां उपदेश सुधारील, मग मंडळी चालावी कशी? हें बोलणें टाकाऊ नाहीं. चारचौघांत मोठ्या माणसाला कसें व केव्हां बोलावें, हेंही शिक्षणांतच येतें, आणि जो शिक्षक मुलांना नुसती हुशारी शिकवून विनय शिकवीत नाहीं, तो अर्धेंच काम करितो. चार बुकें शिकलेलीं मुलें निरक्षर आईबापांस हंसतात, हेंही आम्हीं पाहिलें आहे. परंतु शास्त्रांत ह्याविषयीं एक सुंदर उदाहरण आहे. अपुल्लो हा मोठा वक्ता, शास्त्रांत प्रवीण. तो सभास्थानांत बोलूं लागला तेव्हां त्याच्या शिकवणींत उणीव आहे, हें प्रिस्किल्ला व अक्विल्ला ह्या तंबू शिवणाऱ्या जोडप्याच्या लक्षांत आलें. त्यांनीं त्याला सभेंत अडविलें नाहीं. आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजाविला. अपुल्लोनें तें ऐकून घेतलें, म्हणून त्याचा पुढें मंडळ्यांस फार उपयोग झाला. आता आमची गोष्ट पाहा. अक्विल्लाप्रमाणें एकांतांत येऊन बोलले ते गुरुजी. चारचौघांत खालीं बसविणारे ते आम्ही. मानाची एवढी काळजी असलेल्या आम्हीं बारा वर्षांच्या मुलाच्या मानाचा विचार केला नव्हता.

शिक्षकाला कमी लेखण्याची ही खोड आपल्याच मंडळ्यांत आहे असें नाहीं. फ्रान्स देशाच्या पूर्वेस व्होज नांवाच्या डोंगरांत वाल्डर्सबाख म्हणून एक खेडें आहे. अठराव्या शतकांत तेथील प्रॉटेस्टंट लोक फार दरिद्री होते; जमीन नापीक, रस्ते नाहींत, हिंवाळा लांब. त्या शतकाच्या मध्यास तेथें स्ट्यूबर नांवाचे पाळक आले व त्यांनीं प्रथम शाळा पाहावयास मागितली. तिची जी हकीकत चरित्रकार सांगतात, ती अशी. त्यांना एका झोंपडींत नेलें. मुलें गोंधळ करीत होतीं, आणि कोपऱ्यांत एक म्हातारा अंथरुणावर पडला होता. तोच शिक्षक. तुम्ही काय शिकवितां, असें विचारितां त्यानें प्रामाणिकपणें सांगितलें कीं, कांहीं नाहीं, कारण मलाच कांहीं येत नाहीं. तो गांवचीं डुकरें राखीत असे. डुकरांमागें धांवण्याची शक्ति राहिली नाहीं, तेव्हां लोकांनीं त्याला मुलें राखावयास बसविलें. वाचकांस हंसूं येईल. पण आपण शब्बाथशाळेसाठीं माणूस कसा निवडतों? ज्याला दुसरें कांहीं काम नाहीं, त्याला! स्ट्यूबर ह्यांनीं नवा शिक्षक शोधूं म्हटलें, तर कोणी बाप आपला मुलगा देईना, कारण शिक्षक ह्या नांवाचीच लाज वाटत होती. तेव्हां त्यांनीं नांवच बदललें, शिक्षकांस अधिकाऱ्याला शोभेल असा किताब दिला, आणि मग चांगलीं मुलें पुढें आलीं.

त्यांच्या जागीं १७६७ सालीं योहान फ्रीड्रिख ओबरलिन आले, आणि १८२६ सालीं मरेपर्यंत त्याच खोऱ्यांत राहिले. त्यांनीं स्वतः हातीं कुदळ घेऊन लोकांबरोबर रस्ता बांधिला, हें पुष्कळांस ठाऊक असतें. आम्हांस त्यांचें दुसरें एक काम अधिक मोलाचें वाटतें. आईबाप शेतांत गेले म्हणजे लहान मुलें वाऱ्यावर पडतात, हें पाहून त्यांनीं खोऱ्यांतील गांवांत अशा मुलांना जमविण्याची व्यवस्था केली, आणि तें काम साध्या गांवकरी स्त्रियांच्या हातीं दिलें. सारा बांझे ही त्यांतील एक. ती मुलांना विणकाम शिकवीत असे. लुईझ शेप्लर ही दुसरी. ती ओबरलिन ह्यांच्या घरीं मोलकरीण म्हणून आली आणि पुढें तिनें सारा जन्म मुलांना शिकविण्यांत घालविला. ह्या बाया मुलांना विणकाम शिकवीत असतां गीतें शिकवीत, झाडपाल्याचीं नांवें सांगत, शास्त्रांतल्या गोष्टी सांगत. त्यांचा पगार ओबरलिन आपल्या पदरचा देत. जो पाळक मोलकरणीला शिक्षिका म्हणून आपल्या बरोबरीला घेतो, त्याला उपपदावर दीड पान लिहावें लागत नाहीं.

ल्यूथरलाही हाच धडा खेड्यांतच मिळाला. १५२८ सालीं तो सॅक्सनींतील मंडळ्या पाहत फिरला, तेव्हां लोकांस प्रभूची प्रार्थना व दहा आज्ञा येत नाहींत आणि कित्येक पाळकांना त्या शिकवितांही येत नाहींत, असें त्याला आढळलें. १५२९ सालीं त्यानें जी लहान प्रश्नोत्तरावली काढिली, ती घरधन्यानें आपल्या घरच्यांस शिकवावी अशी मांडिली होती. म्हणजे तिसरें घर, जें आम्हीं वर आईबापांचें म्हणून सांगितलें, तेंही ह्या जुंवाला लागलें.

आतां आपल्या मराठी देशाकडे वळूं. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ सालीं मुंबईस उतरले. मंडळी म्हणण्याजोगी कांहीं होण्याच्या पुष्कळ आधीं त्या मिशनच्या शाळा चालू झाल्या होत्या. १८२७ सालीं मिस सिंथिया फरार आल्या. पुढें त्या अहमदनगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, राहिल्या व १८६२ सालीं तेथेंच वारल्या. त्यांना उपदेशपीठावर उभें राहण्याचा अधिकार कोणीं दिला नव्हता. परंतु सावित्रीबाई फुले ह्यांनीं शिक्षिकेच्या कामाचें शिक्षण घेतलें तें अहमदनगरास त्यांच्या हाताखालीं. खेडोपाडीं तर बहुधा एकच मनुष्य असे. दिवसा तो धुळाक्षरें गिरवून घेई, रात्रीं कंदिलाच्या उजेडांत प्रार्थना चालवी, आजाऱ्याला औषध देई, आणि कोणी मेलें तर मातीही देई. लोक त्याला मास्तर म्हणत. पाळक व शिक्षक ह्यांचें भांडण तेव्हां होणार कसें? दोघे एकाच सदऱ्यांत होते.

मग ते वेगळे कसे झाले? आमच्या मतें त्यांत कोणाचा दुष्टपणा नव्हता. १८५४ सालीं विलायतेहून शिक्षणाविषयींचा प्रसिद्ध खलिता आला, व खाजगी शाळांना सरकारी मदत मिळण्याची वाट मोकळी झाली. मदतीबरोबर तपासनीस आले. आणि शाळेंत जें धर्मशिक्षण दिलें जातें त्याकडे त्यांनीं मुळींच लक्ष देऊं नये, असा त्या खलित्यांतच नियम होता. नियम न्याय्य होता. परंतु त्यामुळें एका मुलाला दोन परीक्षक झाले. एक गणित पाही, त्याच्यावर मदत अवलंबून असे. दुसरा शास्त्र पाही, त्याच्यावर कांहीं अवलंबून नसे. ज्याच्यावर भाकरी, त्याची तयारी अगोदर, हें मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. हळूहळू गणित शाळेचें व शास्त्र देवळाचें अशी वांटणी पडली. शिक्षकाचें डोकें तपासनीसाकडे वळलें, आणि पाळकाचें, खरें सांगावयाचें तर, आपल्या पदाकडे वळलें. पुढें खेड्यांतील बहुतेक मिशन शाळा बंद झाल्या. १९५० सालच्या राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमानें, सर्वस्वीं सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेंत धर्मशिक्षण देतां येत नाहीं. आज आपलीं लेंकरें जिल्हा परिषदेच्या शाळेंत इतर सर्व समाजांच्या मुलांबरोबर बसतात, आणि बसावींच.

ह्या कलमाविषयीं आपल्यांतील कांहीं बंधु कुरकुर करितात. आम्ही करीत नाहीं. आपल्या लेंकराला दुसऱ्याचा धर्म सक्तीनें शिकविला जाऊं नये असें आपणांस वाटतें, तर दुसऱ्याच्या लेंकराविषयींही तसेंच वाटलें पाहिजे. आमचे गुरुजी आपल्या वर्गांत येशूचें नांव काढीत नसत. तसें करणें म्हणजे ज्या सरकारचें मीठ खातों त्याच्याशीं लबाडी, असें ते म्हणत. परंतु ते वेळेवर जात, मागच्या बांकावरच्या मुलाला पुढें आणीत, कोणाची जात पाहून गुण देत नसत. हें ख्रिस्ती शिक्षण नव्हे काय? आमच्या उपदेशांत सत्य हा शब्द पुष्कळदां येत असे. बेरजेंत तें राखण्याची वेळ आली तेव्हां तें गुरुजींच्या विद्यार्थ्यानें राखिलें.

नहेम्याच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायांत एज्रा हा लांकडी मंचावर उभा राहून पहाटेपासून दोन प्रहरपर्यंत नियमशास्त्र वाचतो. तो याजक होता व शास्त्रीही होता. परंतु त्यानें एकट्यानें वाचून काम भागलें नाहीं. लेवी लोकांमध्यें जाऊन अर्थ उलगडून सांगत होते, म्हणून लोकांना समजलें, आणि समजलें म्हणून ते रडले. मंचावरचा आवाज व लोकांत हिंडणारे लेवी, ह्यांपैकीं कोणाचें काम मोठें, असें त्या दिवशीं कोणीं विचारिलेलें दिसत नाहीं. आमच्या देवळांत मंच आहे, खुर्ची आहे. शब्बाथशाळेचीं शिक्षिका बाई मात्र जमिनीवर बसतात, वार्षिक अहवालांत त्यांचें नांव शेवटच्या ओळींत येतें, आणि पाळकानें त्यांच्या वर्गांत वर्षांतून एकदांही पाऊल टाकिलेलें नसतें. पाळक वर्गांत गेला तर परीक्षा घ्यावयास जातो. तो शिकावयास म्हणून मागच्या ओळींत बसला, तर आपल्या कोणत्या उपदेशाचा मुलांनीं काय अर्थ केला आहे, हें त्याला कळेल. आम्ही पुढें तसें बसूं लागलों, आणि पहिल्याच दिवशीं आम्हांला कळलें कीं, "नीतिमान ठरविणें" ह्यावर आम्हीं चार रविवार जें सांगितलें, त्यावरून मुलांची समजूत अशी झाली होती कीं, देव नापास मुलांना वरच्या इयत्तेंत ढकलतो. गुरुजींनीं ती समजूत अर्ध्या तासांत नीट केली, आणि खरें सांगावयाचें तर, तिच्यांत थोडें तथ्य होतें असेंही ते म्हणाले.

आतां त्या हिशेबाचें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. चौथ्या रविवारच्या आदल्या दिवशीं आम्ही त्या मुलाच्या घरीं गेलों. उद्यां उपासनेंत तूंच खरी बेरीज सांग, असें त्याला म्हणालों. मुलगा कांहीं बोलला नाहीं. त्याची आजी चुलीपुढून म्हणाली, "पाळकसाहेब, एकदां तुम्हीं त्याला बसविलेंत, आतां कशाला उठवितां?" ह्या बोलण्याला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. रविवारीं आम्हीं स्वतः मंडळीपुढें चूक सांगितली, तीन रविवार ती लपवून ठेविल्याचेंही सांगितलें, आणि गुरुजींस फळा आंत आणावयास विनंती केली. त्यांनीं पांचही रकमा लिहिल्या, व मुलांनीं मोठ्यानें बेरीज केली. तो मुलगा दाराशीं बसला होता. त्यानें तोंड उघडलें नाहीं. खजिनदार आला नव्हता. दुपारीं आम्ही व गुरुजी किल्ली घेऊन त्याच्या घरीं गेलों. त्यानें आम्हांला पाणी दिलें, बसावयास पोतें दिलें. किल्ली घेतली नाहीं. ती त्यानें पुढच्या वर्षीं पुनरुत्थानाच्या सणानंतर घेतली, आणि तोंपर्यंत त्याच्या धाकट्या मुलीचें शब्बाथशाळेंतलें जवळजवळ एक वर्ष बुडालें होतें.

दुसऱ्या वर्षीं उपकारस्तुतीच्या सणाचा हिशेब शनिवारीं संध्याकाळीं देवळाच्या ओसरीवर मांडावयास बसलों, तेव्हां खजिनदार होता, गुरुजी होते, आणि गुरुजींबरोबर तो मुलगाही आला होता. त्यानें रकमा दोनदां तपासल्या. बरोबर आहेत म्हणाला. मग त्यानें वहीचीं पानें मागें चाळलीं, गेल्या वर्षीचें पान काढिलें, आणि कोणास न विचारतां खिशांतून पेन काढून आमच्या ८,९५० वर एक आडवी रेघ मारिली व खालीं ९,३५० असें लिहिलें. आम्ही शेजारींच बसलों होतों. त्यानें वही आमच्याकडे सरकविली, आणि तो खडू घेऊन लहान मुलांसाठीं दुसऱ्या दिवसाचें वचन फळ्यावर लिहूं लागला.